जे एका डॉक्टरला दिसत नाही

डोक्याला जबर मार लागून बेशुद्ध झालेला माणूस इस्पितळात आला की स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं, हा १९७० आणि १९८०च्या दशकांत अनेक देशांतल्या डॉक्टरांच्या अंगवळणी पडलेला रिवाज होता. त्यामागचा तर्क कुणालाही पटावा असा. मार लागला की मेंदूला सूज येते. कवटी ताणली जात नाही, त्यामुळे सुजलेला मेंदू आतल्या आत चेंगरतो आणि जीव जातो. मेंदूतल्या गाठीभोवतीची सूज डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने एकदोन दिवसांत उतरते, हे डॉक्टर रोज पाहत होते. मग मार लागलेल्या मेंदूलाही तेच द्यायला काय हरकत? १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या ट्रॉमा सेंटरांची पाहणी झाली, तेव्हा निम्म्याहून जास्त केंद्रांत बहुतेक रुग्णांना स्टेरॉइड मिळत असल्याचं आढळलं.

औषध दिलं आणि रुग्ण वाचला तर श्रेय औषधाला. दगावला तर मारच तसा होता. डोक्याच्या दुखापतीत अशी समजूत करून घेणं फार सोपं. एकसारखे दिसणारे दोन सीटी स्कॅन, एकसारखे बेशुद्ध दोन तरुण, आणि महिन्याभराने त्यातला एक चालत घरी जातो, दुसरा जात नाही. 'बहात्तर तास काही सांगता येणार नाही' असं डॉक्टर नातेवाइकांना म्हणतात ती टाळाटाळ नसते. त्यांना खरोखरच सांगता येत नसतं. अशा ठिकाणी अनुभव माणसाला हमखास चकवतो. आणि डॉक्टर जितका ज्येष्ठ तितकी त्याची खात्री पक्की, हीही एक अडचणच.

पुढे लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेत गेलेले लंडनचे इयन रॉबर्ट्स आणि त्यांचे सहकारी फिल ऑल्डरसन यांनी १९९७मध्ये तोवर झालेल्या सगळ्या स्टेरॉइड-चाचण्या एकत्र मांडल्या. चाचण्या १३, रुग्ण सगळे मिळून दोन हजारांच्या आसपास. निष्कर्ष असा, की शेकडा एकदोन जीव वाचत असतील किंवा तेवढेच जातही असतील. एवढ्या आकड्यांवरून कळणं शक्य नाही. तीस वर्षं एक औषध दिलं जातंय आणि ते तारतं की मारतं हे कुणालाच माहीत नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

मग 'क्रॅश' नावाची चाचणी उभी राहिली. लक्ष्य होतं २० हजार रुग्णांचं. एवढे रुग्ण एका शहरात काय, एका देशातही गोळा होणार नाहीत, म्हणून ४९ देशांतली २३९ रुग्णालयं जोडली गेली. कामाच्या घाईत असलेल्या डॉक्टरला भरता येईल एवढाच छोटा फॉर्म. आठ तासांच्या आत आलेला, १६ वर्षांवरचा, पूर्ण शुद्धीवर नसलेला रुग्ण, एवढीच अट. आणि एक तत्त्व, जे मला या सगळ्या कहाणीत सर्वांत प्रामाणिक वाटतं: स्टेरॉइड द्यावंच किंवा देऊच नये अशी ज्या डॉक्टरला खात्री असेल, त्याने आपल्या खात्रीप्रमाणे वागावं, ज्याला शंका असेल, त्यानेच रुग्ण चाचणीत घ्यावा. बाकी काम चिठ्ठीचं. निम्म्यांना स्टेरॉइड, निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं इंजेक्शन. कुणाला काय मिळालं ते रुग्णाला ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही.

मे २००४मध्ये, १०,००८ रुग्ण झाले असताना, आकड्यांवर गुप्तपणे नजर ठेवणाऱ्या समितीने चाचणी चालवणाऱ्यांसमोर निकाल ठेवला आणि भरती तिथेच थांबली. स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के रुग्ण दोन आठवड्यांत दगावले होते. न मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के.

शेकडा तीन. हा आकडा नीट न्याहाळायला हवा. वर्षाला असे शंभर रुग्ण पाहणारा सर्जन घ्या. त्याच्याकडे एका वर्षी १८ दगावतील, एका वर्षी २१. त्याला काय कळणार? तीस वर्षं तो हेच औषध देत राहील, निवृत्त होईल, सत्कार घेईल, आणि आपल्या हातून शेकडा तीन माणसं जास्त गेली हे त्याला कधीही कळणार नाही. त्यात त्याचा दोषही काढता येत नाही. ही गोष्ट एका माणसाच्या नजरेच्या टप्प्यातलीच नाही. ती दिसायला २३९ रुग्णालयांचे डोळे लागले.

*

अनेकांनी मिळून पाहायचं, तर सगळ्यांची मोजपट्टी एकच हवी. ती आली ग्लासगोहून. १९७४पर्यंत केसपेपरवर 'अर्धवट शुद्धीत', 'गुंगीत', 'खोल कोमा' असले शब्द असायचे, आणि एका डॉक्टरची गुंगी दुसऱ्याचा कोमा असायची. त्या वर्षी ग्लासगोचे ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक साधी पद्धत मांडली. तीन गोष्टी पाहायच्या: डोळे कशाने उघडतात, तोंडातून काय निघतं, हातपाय कसे हलतात. पुढे या तिन्हींना गुणही दिले जाऊ लागले. सगळ्यांत वाईट ३, सगळ्यांत चांगलं १५.

मुंबईतल्या महापालिकेच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात मध्यरात्रीनंतर कॅज्युअल्टीत उभं राहिलं, की ही पद्धत कशी चालते ते दिसतं. स्ट्रेचरवर एक मुलगा, अंगावर फाटलेला शर्ट, पायात एकच चप्पल. रेसिडेंट डॉक्टर वाकून मोठ्याने हाक मारते, आधी मराठीत, मग हिंदीत. डोळे मिटलेलेच. ती भुवईखालच्या हाडावर अंगठ्याने जोरात दाबते. मुलगा कण्हतो, त्याचे डोळे किलकिले होतात, आणि त्याचा उजवा हात वर येऊन तिचा हात बाजूला सारू पाहतो. बरोबर आलेला मित्र घाबरून म्हणतो, 'मॅडम, दुखतंय त्याला.' डॉक्टरच्या दृष्टीने तीच चांगली बातमी असते. दुखतंय कुठे हे त्याला कळतंय आणि हात तिथपर्यंत पोचतोय. ती केसपेपरवर लिहिते: ई-२ (डोळे), व्ही-२ (बोलणं), एम-५ (हालचाल). एकूण नऊ. हे नऊ सायनला लिहिले काय, साओ पावलोला लिहिले काय, अर्थ एकच.

मोजपट्टी हाती आल्यावर जेनेट यांनी ग्लासगो, नेदरलँड्स आणि लॉस एंजेलिस इथले ७०० गंभीर रुग्ण शेजारी ठेवून पाहिले. १९७७मध्ये ते छापून आलं. तिन्ही ठिकाणी उपचारांच्या तऱ्हा वेगळ्या, औषधं वेगळी, आणि मृत्यूचं प्रमाण मात्र जवळपास सारखंच: निम्मे. आपापल्या पद्धतीचा अभिमान बाळगणाऱ्या तिन्ही ठिकाणच्या डॉक्टरांना ते फारसं रुचलं नसावं.

*

त्यानंतरच्या पन्नास वर्षांचा हिशेब मांडायचा, तर मेंदूच्या दुखापतीवरच्या सामूहिक संशोधनाने आपल्याला मुख्यतः काय करू नये तेच शिकवलं आहे. वर्तमानपत्रांना यात बातमी दिसत नाही. नवं औषध सापडलं की पहिलं पान, जुनं औषध निरुपयोगी ठरलं की कुठेच नाही. माझ्या मते मात्र या क्षेत्राची खरी कमाई तीच आहे.

शरीर थंड करण्याचंच घ्या. मेंदू थंड ठेवला तर कमी मरतो, हे प्रयोगशाळेत पक्कं. छोट्या अभ्यासांतही आशा दिसली. २००१मध्ये अमेरिकेत ३९२ रुग्णांवर पाहिलं, फायदा नाही. २०१५मध्ये युरोपच्या पुढाकाराने ३८७ रुग्णांवर पाहिलं, तर थंड केलेल्यांची अवस्था उलट वाईट दिसू लागली आणि चाचणी अर्ध्यावर थांबवावी लागली. २०१८मध्ये ५११ रुग्णांवर पुन्हा तेच, फायदा नाही.

प्रोजेस्टेरॉनची कहाणी तर जास्त चटका लावणारी. अटलांटाच्या एमोरी विद्यापीठातले डोनाल्ड स्टाइन यांना मेंदूला इजा झालेल्या उंदरांमध्ये माद्या नरांपेक्षा लवकर सावरताना दिसल्या, आणि त्या एका निरीक्षणामागे त्यांनी दशकंच्या दशकं काढली. चीनमध्ये १५९ रुग्णांवरच्या अभ्यासात गुण आला. मग दोन मोठ्या चाचण्या झाल्या, एकीत ८८२ रुग्ण, दुसरीत १,१९५. डिसेंबर २०१४मध्ये दोन्हींचे निकाल एकदमच छापून आले. औषध न मिळालेल्यांत आणि मिळालेल्यांत काही फरक नव्हता.

एकेकट्याच्या संशोधनाचा धोका मॅनिटॉलच्या प्रकरणात उघडा पडला. मॅनिटॉलची बाटली आपल्याकडच्या प्रत्येक आयसीयूत असते. मेंदूतलं पाणी खेचून दाब उतरवायला ती लावतात. ब्राझीलचे न्यूरोसर्जन जुलिओ क्रूझ यांनी २००१ ते २००४ या काळात तीन चाचण्या छापल्या: मॅनिटॉल नेहमीपेक्षा जास्त मात्रेत दिलं तर मृत्यू झपाट्याने घटतात. फरक एवढा मोठा की डोळे दिपावेत. रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी मूळ आकडे शोधायला घेतले, तेव्हा क्रूझ हयात नव्हते. रुग्ण कोणत्या इस्पितळात होते ते सांगता येईना. ज्या विद्यापीठाचं नाव लेखांवर होतं त्याने ते आपल्या नोकरीत कधी नव्हतेच असं कळवलं. सहलेखकांनाही मूळ नोंदींबद्दल काही सांगता येईना. २००७मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हे सगळं छापून आलं. शंभर रुग्णालयांच्या चाचणीत चुका होत नाहीत असं नाही, पण एका माणसाने मनाशी रचलेले रुग्ण तिथे खपत नाहीत.

*

काही प्रश्न श्रीमंत देशांना विचारताच येत नाहीत. कवटीला भोक पाडून आतला दाब सतत मोजणारी तार बसवणं हे अमेरिकेत प्रमाण उपचारांत गणलं जातं. ती बसवून खरोखर फायदा होतो का, हे तपासायचं तर निम्म्या रुग्णांना ती न बसवता ठेवावं लागेल, आणि तिकडे कुठली नैतिकता समिती त्याला मान्यता देईल? सिएटलचे रँडल चेसनट यांनी ही चाचणी बोलिव्हिया आणि इक्वेडोरमध्ये केली. तिथे पैशाअभावी बहुतेक ठिकाणी तार नव्हतीच. डॉक्टर वारंवार तपासून आणि स्कॅन पाहून दाबाचा अंदाज बांधत आणि उपचार करत. रुग्ण ३२४, निकाल २०१२मध्ये. तार बसवलेल्यांत आणि न बसवलेल्यांत फरक आढळला नाही.

न्यूरोसर्जनांच्या बैठकांत या निकालावरून बरीच खडाजंगी झाली. 'तार निरुपयोगी' असा त्याचा अर्थ नाही. पाऱ्याच्या वीस मिलिमीटरच्या वर दाब गेला की अमुक करा, या ठोकळेबाज नियमात काहीतरी अपुरं आहे, एवढा आहे. पण तालुक्याच्या गावच्या खासगी आयसीयूत तार नाही म्हणून आपण दुय्यम उपचार करतोय असं मानणाऱ्या डॉक्टरला या चाचणीने निदान मान वर करता आली. पुढे चेसनट आणि लॅटिन अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मिळून तार नसलेल्या आयसीयूसाठी उपचारांचा आराखडाही बांधला.

दाब औषधांना बधत नसेल, तर शेवटचा उपाय कवटीचं हाड काढण्याचा. आपल्याकडे अनेक ठिकाणी ते हाड फ्रीझरमध्ये न ठेवता रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवून देतात. जतन करायला खर्च नाही आणि हाडही शाबूत राहतं. डोक्याच्या बँडेजवर मोठ्या अक्षरांत 'नो बोन' लिहिलेलं असतं, कूस बदलताना नर्सचा हात चुकून तिथे दाबला जाऊ नये म्हणून. गावाकडून आलेल्या आईला हे समजावून सांगणं सोपं नसतं: डोक्याचं हाड पोटात ठेवलंय, काही महिन्यांनी परत बसवू.

ऑस्ट्रेलियातल्या मंडळींनी १५५ रुग्णांवर हे लवकर करून पाहिलं. २०११मध्ये निकाल आला, आणि हाड काढलेल्यांची सहा महिन्यांनंतरची अवस्था उलट वाईट निघाली. केंब्रिजच्या पीटर हचिन्सन यांची चाचणी त्याच सुमारास सुरू होती. तिच्यात सगळे उपाय थकल्यावरच हाड काढायचं होतं. २० देशांत मिळून ४०८ रुग्ण जमायला दहा वर्षं लागली. २०१६चा निकाल: सहा महिन्यांत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी २६.९ टक्के दगावले, नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांपैकी ४८.९ टक्के. म्हणजे शेकडा २२ जीव वाचले.

इथेच थांबलं तर बातमी फक्कड होते. पण त्यांनी पुढचा हिशेबही दिला, आणि त्याबद्दल या मंडळींना मी मानतो. त्या २२ जादा वाचलेल्यांपैकी ६ अचेत, डोळे उघडे पण जाणीव नसलेले. ८ अंथरुणाला किंवा दुसऱ्याच्या हाताला बांधलेले. उरलेले ८ घरात तरी आपलं आपण करू शकणारे. आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या घरच्यांना डॉक्टर 'ऑपरेशन करू का?' असं विचारतात, तेव्हा खरा प्रश्न या तीन आकड्यांचा असतो. किती ठिकाणी ते आकडे त्यांच्यापुढे मांडले जातात, कोण जाणे.

*

'करू नका'च्या या यादीत एक औषध मात्र दुसऱ्या बाजूला उभं आहे, आणि ते नवं नाही. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड. पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ ज्याच्या गोळ्या लिहून देतात तेच. जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो या पतिपत्नींनी ते शोधलं आणि १९६२मध्ये प्रसिद्ध केलं. दुसऱ्या महायुद्धानंतरचा दरिद्री जपान. संशोधनाला पैसा नाही, म्हणून त्यांनी रक्त हा विषय निवडला. कमी पडलं तर स्वतःचं वापरता येईल, हा हिशेब. उताकोबाई लहान मुलीला पाठीला बांधून प्रयोगशाळेत काम करत. बाळंतपणात रक्तस्रावाने मरणाऱ्या बायकांसाठी हे औषध वापरावं, हा त्यांचा आग्रह कुणी फारसा मनावर घेतला नाही. त्यासाठीची मोठी चाचणी, २०,०६० स्त्रियांची, २०१७मध्ये पूर्ण झाली. उताकोबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या.

लंडनच्या त्याच गटाने, म्हणजे रॉबर्ट्स आणि हलीमा शकूर यांनी, 'क्रॅश-२'मध्ये हे औषध रक्तस्राव होणाऱ्या अपघातग्रस्तांना देऊन पाहिलं. ४० देशांतले २०,२११ रुग्ण, त्यांतले चार हजारांहून अधिक भारतातले. २०१०मध्ये आलेला निकाल: मृत्यू १६ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर. फरक शेकडा दीडचा, पण या वेळी वाचवणारा.

डोक्याच्या दुखापतीसाठी 'क्रॅश-३' झाली, २९ देशांत, १२,७३७ रुग्णांवर. २०१९चा तिचा निकाल वाचताना दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर ठेवाव्या लागतात. तीन तासांच्या आत औषध मिळालेल्या सगळ्यांचा हिशेब केला, तर डोक्याच्या माराने झालेले मृत्यू १९.८वरून १८.५ टक्क्यांवर आले. हा फरक योगायोगाचाही असू शकतो. पण आलेच तेव्हा ज्यांच्या बाहुल्या प्रकाशाला प्रतिसाद देत नव्हत्या, ज्यांचे गुण तीनच होते, असे हाताबाहेर गेलेले रुग्ण वगळले तर १४.० विरुद्ध १२.५. मार कमी किंवा मध्यम असेल तर फायदा जास्त स्पष्ट. आणि जितका उशीर तितका फायदा कमी. मेंदूत रक्त एकदा साकळलं, की रक्तस्राव थांबवणारं औषध देऊन काय उपयोग? २०२३मध्ये ऑस्ट्रेलियातल्या आणखी एका चाचणीने कोडं वाढवलं: रुग्णवाहिकेतच औषध मिळालेले गंभीर जखमी जास्त संख्येने वाचले, पण सहा महिन्यांनी चांगल्या अवस्थेत असलेल्यांची संख्या वाढली नाही.

मिनिटांचा प्रश्न असताना संमतीचं काय करायचं? रुग्ण बेशुद्ध. बरोबर आलेला कधी सहकारी असतो, कधी रिक्षावाला, कधी हवालदार. इंग्रजी आणि मराठीत छापलेली कित्येक पानी माहिती कॅज्युअल्टीच्या दारात वाचून दाखवायची, आणि तेवढ्यात औषधाची वेळ निघून जायची. रॉबर्ट्स यांनी २०११मध्ये आकडेमोड करून दाखवलं होतं, की संमतीच्या सोपस्कारात गेलेला वेळच उपचाराचा गुण खाऊन टाकतो. त्यांचं म्हणणं मला पटतं, पण अर्धंच. ज्या देशात गरीब रुग्णांवर न विचारता औषधं आजमावल्याच्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या, तिथे सही नंतर घेऊ म्हणणाऱ्यावर लोकांनी विश्वास का ठेवावा? छोटी, तोंडी, नातेवाइकाच्या भाषेतली माहिती आणि नंतर सविस्तर संमती, हा मधला मार्ग काही देशांनी काढला आहे.

*

आता प्रश्न असा, की या सगळ्या आकड्यांतला रुग्ण कोण आहे? युरोपीय आयोगाने सुमारे तीन कोटी युरो खर्चून 'सेंटर-टीबीआय' हा अभ्यास केला. अँटवर्पचे अँड्र्यू मास आणि केंब्रिजचे डेव्हिड मेनन त्याचे प्रमुख. मेनन यांचं वैद्यकीय शिक्षण पाँडिचेरीच्या जिपमेरमधलं. १८ देशांतल्या साडेचार हजार रुग्णांची बारीकसारीक नोंद त्यांनी केली, आणि युरोपचा रुग्ण पन्नाशीचा निघाला. चारांपैकी एकाहून अधिक जण पासष्टीच्या पुढचे. बाथरूममध्ये घसरलेले, जिन्यावरून पडलेले आजी-आजोबा.

२०२२मध्ये 'लॅन्सेट न्यूरोलॉजी'त आलेल्या जागतिक अभ्यासात ५७ देशांतल्या १५९ रुग्णालयांनी तातडीच्या मेंदू-शस्त्रक्रियेचे १,६३५ रुग्ण नोंदवले. सर्वांत संपन्न देशांत रुग्णाचं मधलं वय ५४, सर्वांत गरीब देशांत २८. इजा झाल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंतचा मधला वेळ १३ तास. तीन तासांत द्यायच्या औषधाशेजारी हे तेरा तास ठेवून पाहावेत.

आपला रुग्ण कोण ते सांगायला वेगळ्या अभ्यासाची गरज नाही. २०२२मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, महाराष्ट्रात १५,२२४. देशभरात हेल्मेट न घातलेले ५० हजारांवर. हेल्मेटसक्ती म्हटली की पुण्यात मोर्चे निघतात. त्यावर नवीन काय लिहायचं?

मुंबईत मात्र एक काम फार गाजावाजा न होता झालं. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रुग्णालयातले सर्जन नोभोजित रॉय आणि स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतले मार्टिन जर्डिन यांनी केईएम, सायन, कोलकात्याचं एसएसकेएम आणि दिल्लीच्या एम्सचं ट्रॉमा सेंटर अशी चार सार्वजनिक रुग्णालयं जोडली. २०१३पासून नोंदी करायला स्वतंत्र माणसं नेमली गेली. ती पाळ्यांमध्ये कॅज्युअल्टीत बसायची आणि आलेल्या रुग्णाचा रक्तदाब, नाडी, ग्लासगोचे गुण, वेळ उतरवून घ्यायची. लोकलमधून पडलेले, रूळ ओलांडताना धडकलेले, बांधकामावरून कोसळलेले, दुचाकीवरून उडालेले. सुमारे १६ हजार रुग्णांची नोंद जमली. त्यातल्या ११,२०२ दाखल रुग्णांच्या विश्लेषणात तीस दिवसांच्या आत २१.४ टक्के रुग्णालयातच दगावल्याचं दिसलं. यात चाचणी नव्हती, औषध नव्हतं. कोण येतो, केव्हा येतो, केव्हा जातो, एवढंच लिहून ठेवणं होतं. पण रक्तदाब मोजला होता की नाही हेच ज्या केसपेपरवर सापडत नाही, तिथे पुढची कुठलीही चाचणी उभी राहू शकत नाही.

आणि रुग्णालयातून सुटल्यावर? इथे चाचण्यांचा सगळ्यांत निरस वाटणारा भाग येतो, सहा महिन्यांनंतरचा फोन. प्रश्न ठरलेले. दिवसा आठ तास घरात एकटं ठेवता येतं का? दुकानात जाऊन खरेदी करता येते का? एकट्याने प्रवास? पूर्वीचं काम परत सुरू झालं का? घरच्यांशी, मित्रांशी पूर्वीसारखं पटतं का? हे प्रश्न मुळात ग्लासगोतल्या घरांसाठी बेतलेले. आपल्याकडे आजारी माणसाला एकटं ठेवतच नाहीत; 'ठेवता येतं का' याचं उत्तर आई 'कशाला ठेवू?' असं देते. सासरच्यांशिवाय कधी बाजारात न गेलेल्या सुनेला खरेदीचा प्रश्न काय सांगणार? मोबाइल नंबर तर भावाचा असतो, तोही बदललेला. पण 'पटतं का' या प्रश्नावर फोन लांबतो. हातपाय चालतात, कामावरही जातो, पण रागावर ताबा नाही; परवा ताट भिरकावलं; पूर्वी असा नव्हता. स्कॅनमध्ये न दिसणारी दुखापत या फोनवर नोंदवली जाते, आठ पायऱ्यांच्या मोजपट्टीवर एखादी पायरी खाली.

*

लंडनच्या गटाने पुढे 'क्रॅश-४' हाती घेतली. यात ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड शिरेतून न देता दंडात किंवा मांडीत इंजेक्शनने द्यायचं, तेही डोक्याला मार लागून लक्षणं दिसू लागलेल्या पण फार गंभीर नसलेल्या रुग्णांना. लक्ष्य दहा हजार रुग्णांचं. शीर शोधायला लागत नाही, सलाईन लागत नाही. स्नायूतून ते काही मिनिटांत पुरेसं रक्तात उतरतं, हे आधीच्या एका छोट्या अभ्यासात दिसलं आहे.

हे वाचताना महाराष्ट्राचा नकाशा डोळ्यांपुढे येणं साहजिक आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातली नर्स असं इंजेक्शन देऊ शकते. २०१४पासून राज्यात धावणाऱ्या १०८च्या रुग्णवाहिकेतही ते देता येईल. केजजवळ रात्री नऊला दुचाकीवरून पडलेल्या मुलाला अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात पोचायला, तिथून स्कॅन पाहून कदाचित लातूरला किंवा संभाजीनगरला हलवायला जे तास जातात, त्यांतला पहिलाच तास यात कामी येऊ शकतो.

पण 'क्रॅश-४' ब्रिटनमधल्या पन्नाशीच्या पुढच्यांसाठी आखलेली आहे. ती पंचविशीतल्या, हेल्मेट नसलेल्या मुलाबद्दल काही सांगणार नाही. त्याचा मेंदू वेगळा, मार वेगळा, रक्तस्राव वेगळा, आणि वाटेत जाणारा वेळही. त्याच्याबद्दल विचारायचं तर चिठ्ठ्या इथेच टाकाव्या लागतील. त्यासाठी औषध स्वस्त आहे, मोजपट्टी आहे, नोंदी कशा ठेवायच्या हे दोन मुंबईकर रुग्णालयांनी करून दाखवलं आहे. बीड, लातूर, नांदेड, सोलापूर या चार जिल्ह्यांत तालुक्यागणिक नोंद ठेवणारा एक माणूस, मराठीत एका पानाचं संमतिपत्र, आणि सहा महिन्यांनी फोन करून आईचं सगळं ऐकून घेणारं कुणीतरी, एवढ्याची मागणी अजून कुणी कागदावर मांडलेली माझ्या पाहण्यात नाही.